तीन मिनिटांची भैरवी, आणि तिच्या शेजारचं बरंच काही

केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांत संपते. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं जास्त मावत नसे. ज्या बाईंनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, मैफिलीत एकेक राग सावकाश उलगडला आणि ध्वनिमुद्रणाला शक्यतो नकारच दिला, त्यांनी एवढ्याशा वेळात काय करून ठेवलंय ते मी कितीदा तरी ऐकलंय. पहिल्याच सुराला आवाज पूर्ण उघडा लागतो. चाचपणं नाही, गळा तापवणं नाही. शब्द थोडे, पण मुखडा दर खेपेला वेगळ्या वाटेने येतो. एक हरकत संपली असं वाटेपर्यंत तिच्याच शेवटच्या सुरातून दुसरी निघालेली असते. दमसास असा की श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं.

जुन्या तबकड्या म्हणजे मैफिलीची सावली, खरं गाणं तर बैठकीतच व्हायचं, असं जाणकार मंडळी नेहमी म्हणतात. मला हे कधीच पटलेलं नाही. तीन मिनिटांची चौकट ज्यांना पेलली, त्यांनी त्या चौकटीतून असा ऐवज घडवला जो मैफिलीत सापडत नाही. तो मैफिलीपेक्षा कमी नाही, वेगळा आहे. काय वगळायचं याचा निर्णय गायकाला आधीच घ्यावा लागे आणि तो निर्णय आपल्याला ऐकू येतो. केसरबाईंच्या नट कामोदात, ‘नेवर बाजो रे’मध्ये, तो तर फार स्पष्ट ऐकू येतो. दोन रागांचा जोड, जयपूर घराण्याचं खास काम, आणि वेळ फक्त तबकडीच्या एका बाजूचा. नट कुठे सोडला आणि कामोद कुठे धरला, याला एक क्षणही वाया जात नाही.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, “मावशी, मला शास्त्रीय, जॅझ, लोकसंगीत सगळं ऐकायचंय, पण तासतासभराचं काही लावलं की मन लागत नाही. कुठून सुरू करू?” मी त्याला म्हटलं, छोट्यापासून कर, पण ते सुट्टं ऐकू नकोस, शेजाऱ्यांसकट ऐक. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

१९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या, त्यांत केसरबाईंची ही भैरवी आहे, हे मराठी घरांत बहुतेकांना माहीत असतं. आपली केसर अंतराळात गेली याचा अभिमान मलाही आहे. त्याच सप्टेंबरात इकडे बाईंचं निधन झालं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. पण त्या तबकडीवर संगीताचे एकूण २७ तुकडे आहेत आणि बाईंच्या अलीकडे-पलीकडे काय वाजतं, हे मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. शेवटचे चार तुकडे एका बैठकीत, त्याच क्रमाने ऐका. सगळे मिळून एकवीस मिनिटं होतात.

बाईंच्या आधी चीनच्या ग्वान पिंगहू यांनी गूचिनवर वाजवलेलं ‘लिऊ शुई’ आहे, म्हणजे वाहतं पाणी. गूचिन हे सात तारांचं आडवं वाद्य. तार छेडल्यावर डावं बोट तिच्यावरून घसरत जातं आणि सूर ओढला जातो. आपल्या कानाला ती सरळ मींडच वाटते. आवाज अगदी बारीक आहे, म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो. तसं करू नका. घरात शांतता असेल तेव्हाच लावा. मध्यावर पाणी खळाळायला लागतं तिथे बोटांचं तारांवर घासणंही ऐकू येतं.

मग बाईंची भैरवी. आणि ती संपते तोच टेक्ससचा ब्लाइंड विली जॉन्सन.

या माणसाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. लहानपणीच दृष्टी गेलेला, रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी म्हणणारा हा काळा गायक. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये त्याने ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ ध्वनिमुद्रित केलं. मूळ भजन ख्रिस्ताच्या सुळावर जाण्याआधीच्या रात्रीचं आहे, पण जॉन्सन त्यातला एक शब्दही म्हणत नाही. तो नुसता गुणगुणतो, कण्हतो. एक ओळ गळ्यातून निघते आणि अर्ध्यावर थांबते. उरलेली अर्धी गिटारच्या तारेवरून घासत नेलेल्या सुरांनी पुरी होते. आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागून येते. इथे गाणारा आणि वाजवणारा एकच असल्यामुळे कोण कुणाच्या मागून येतंय ते सांगता येत नाही. स्वर श्रुतींच्या इतक्या बारीक फरकाने लावलेले आहेत की पेटीवर ते काढायला जाऊ नये. पुढे त्याचं घर जळालं आणि १९४५ मध्ये दारिद्र्यातच तो गेला. भैरवीनंतर लगेच हे ऐकलं की दोघांच्या कोमल सुरांमधला फरक कळतो. बाईंचा कोमल गंधार ताठ मानेने उभा असतो. जॉन्सनचा जमिनीला टेकलेला.

सगळ्यात शेवटी बेथोव्हेनच्या ओपस १३० या, चार तंतुवाद्यांसाठीच्या चौकडीतलं ‘कावातिना’, बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेटने वाजवलेलं. हे रचलं तेव्हा बेथोव्हेनला ऐकू येत नव्हतं. मध्यावर एक जागा येते तिथे त्याने वादकांसाठी एकच जर्मन शब्द लिहून ठेवलाय, छाती दाटून आल्यासारखं वाजवा, अशा अर्थाचा. तिथे पहिलं व्हायोलिन सरळ गात नाही, अडखळत, तुटक बोलतं. खालची तिन्ही वाद्यं मात्र आपली लय सोडत नाहीत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ‘थंड’ वाटतं असं म्हणणाऱ्याला मी आधी ही जागा ऐकवते.

जॅझसाठी व्हॉयेजरच्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं ‘मेलंकली ब्लूज’ आहे. चांगलंच आहे, पण मला निवडायला सांगितलं असतं तर मी १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ पाठवलं असतं. सुरुवातीला काही सेकंद तालाची साथच नाही. एकटा ट्रंपेट, वर चढतो, गिरकी घेतो, उतरतो. पुढे काय होणार आहे ते सगळं त्या आलापात आहे. मध्ये आर्मस्ट्राँग शब्दांवाचून गातो, क्लॅरिनेटशी सवाल-जवाब करत. आणि शेवटच्या फेरीत एकच वरचा सूर धरून ठेवतो, चार-चार मात्रांचे जवळजवळ चार खंड. तो सूर जसजसा लांबतो तसतसा खालचा ठेका जोरात चाललाय असं वाटू लागतं, प्रत्यक्षात ठेका तिथेच असतो. अर्ल हाइन्सचा पियानोही सोडू नका. सगळं मिळून सव्वातीन मिनिटं.

मी मिरजेची, त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव न घेता छोट्या तबकड्यांवर लिहूच शकत नाही. दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, ते ऐकत आम्ही वाढलो. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतली तबकडी ऐकून लहानगे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, हे पंडितजी स्वतः सांगत असत. पूर्ण आयुष्य बदलायला तबकडीची एक बाजू पुरली. खाँसाहेबांचा आवाज पातळ, सुईच्या टोकासारखा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कदाचित आवडणार नाही. तरी ऐका, आणि ऐकताना फक्त सूर कुठे येऊन थांबतो तेवढंच बघा.

आता लांब पल्ल्याच्या तबकड्या. एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर जागा मिळाली. ही जागा कशी वापरायची हे ज्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमगलं, त्यांत उस्ताद अमीर खाँ माझ्या मते सगळ्यात पुढे. त्यांची एक एलपी आहे, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. दरबारी थोरच आहे. पण मारवा! मारव्यात पंचम नाही आणि षड्ज असून नसल्यासारखा. सगळा भार कोमल रिषभ आणि धैवतावर. ‘पिया मोरे अनत देस’ हा ख्याल अतिविलंबित झुमरा तालात, खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्याच्या आवाजात सुरू होतो. खाँसाहेब षड्जाच्या दोन्ही बाजूंनी फिरतात आणि त्याला टेकत नाहीत. कानाला घरी जायचं असतं आणि ते जाऊ देत नाहीत. बऱ्याच वेळाने एकदाचा सा लागतो, तेव्हा समोर बसलेला माणूस नकळत मान हलवतो. मी हे नवख्या माणसांच्या बाबतीतही पाहिलंय, ज्यांना मारवा हा शब्दही माहीत नव्हता. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ऐकावा, दुपारी नको.

आणि त्याच्याच शेजारी ठेवा ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली. जॅझमधली सगळ्यात गाजलेली एलपी म्हणून तिचं नाव सगळीकडे येतं, पण आपल्या कानाने ती ऐकायची एक सोपी वाट आहे, ती सांगते. पेटी घ्या. पांढरी दोनला सा धरा आणि तिथून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ एवढ्यावरच उभं आहे. आता तीनताल मोजा. चार आवर्तनं पांढरी दोनचा काफी. मग सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने उचलून काळी दोनवर, तिथे दोन आवर्तनं. मग पुन्हा खाली पांढरी दोनला, दोन आवर्तनं. आठ आवर्तनांची एक फेरी झाली. हाच आराखडा नऊ मिनिटं फिरत राहतो.

एकदा ही फेरी हाताला बसली की गाणं वेगळंच ऐकू येतं. माइल्स दोन फेऱ्या वाजवतो, म्हणजे सोळा आवर्तनं, आणि त्यांत सूर किती कमी! दोन सुरांमध्ये एवढी मोकळी जागा सोडायला धीर लागतो. त्याच्यामागून सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन येतो, त्याला तेवढ्याच जागेत सगळं सांगायचं असतं. नंतर दुसरा सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडर्लीचा, गोड आणि खेळकर. शेवटी बिल एव्हान्सचा पियानो, फक्त एक फेरी. प्रत्येक जण त्या अर्ध्या स्वराच्या उडीवर काय करतो तेवढंच ऐका. कुणी उडीच्या आधीच वरच्या थाटाची चाहूल देतो, कुणी उडी झाल्यावर क्षणभर गप्प बसतो. अमीर खाँसाहेबांनी सा लपवला, या मंडळींनी सा उचलून शेजारी ठेवला आणि परत आणला. दोन्हीकडे कानाचा खेळ तोच.

घेताना एक गोष्ट बघा. पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झालं ते किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे तबकडीची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा जराशी चढी वाजायची. तीसेक वर्षं जगाने ती तशीच ऐकली. १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत ती पट्टी दुरुस्त व्हायला लागली. जुनी कॅसेट किंवा जुनी एलपी लावलीत तर पेटी जुळणार नाही, सूर पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी राहील. माझ्याकडे जुनी कॅसेटही आहे आणि नंतरची सीडीही. पेटी घेऊन बसायचं असेल तर सीडी.

याच एलपीवरचं शेवटचं ‘फ्लॅमेंको स्केचेस’ हे बढत आवडणाऱ्यांनी जरूर ऐकावं. पाच थाट ठरलेले, क्रम ठरलेला, पण एकेका थाटात किती वेळ राहायचं ते वादकाच्या मर्जीवर. मन भरलं की पुढच्यात जायचं.

तो ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं एक चर्च, खूप उंच छताचं. त्याच दालनात १९५५ च्या जूनमध्ये बावीस वर्षांच्या ग्लेन गूल्डने पियानोवर बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ वाजवले होते. आणि त्याच दालनात १९८१ मध्ये, स्टुडिओ बंद व्हायच्या सुमारास, त्याने तीच रचना पुन्हा वाजवली. पहिली आवृत्ती ३८ मिनिटांची, दुसरी ५१. सुरुवातीची ‘आरिया’ तरुणपणी दोन मिनिटांच्या आत उरकते, दुसऱ्या वेळी तिला तीन मिनिटं लागतात. दोन्ही ठिकाणी वाजवताना त्याचं स्वतःचं गुणगुणणं मागून येतं. रचना कळायला तबल्याच्या स्वतंत्र वादनातला लेहरा, म्हणजे मागे सतत फिरणारी धून, आठवा. खालचा ३२ खंडांचा पाया कायम, त्याच्यावर तीस वेगवेगळे कायदे. बहुतेक जण १९५५ च्या वेगाने भारावून जातात. माझं मत उलटं आहे. १९८१ मध्ये एका तुकड्याची लय पुढच्या तुकड्याच्या लयीशी हिशोबात बांधलेली आहे, दुगुन-चौगुनीच्या नात्यासारखी, आणि त्यामुळे सगळी रचना एकाच श्वासात येते. ही आवृत्ती बाजारात आली आणि काही दिवसांतच, ऑक्टोबर १९८२ मध्ये, पन्नाशीतला गूल्ड गेला.

जॅझ आपल्याकडचं नाही असं कुणी म्हटलं की मला मुंबई आठवते. गोव्याहून आलेल्या वादकांनी ताजसारख्या हॉटेलांत संध्याकाळी जॅझ वाजवला आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटने सी. रामचंद्रांबरोबर काम केलं, ‘अलबेला’ची गाणी ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, नीट ऐकत पुन्हा ऐका म्हणजे समजेल. अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये मुंबईत आला तेव्हा अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवून गेला. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊ मात्रांचा ताल त्याच्या कानावर पडला, तो पुढच्या वर्षी ‘टाइम आउट’ या एलपीत उतरला. दोन-दोन-दोन-तीन असे त्याचे भाग आहेत. टाळ्या देऊन बघा, पटकन बसतो.

लोकसंगीताकडे येते. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांबद्दल मी नव्याने काय सांगणार? ‘उड़ जायेगा हंस अकेला’ घरोघरी आहे. पण त्यांनी गायलेल्या माळव्याच्या लोकधुना त्यामानाने कमी ऐकल्या जातात. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या कुमारांना गाणं बंद होतं. देवासच्या त्या घरात पडल्या पडल्या बाहेरून येणारी बायकांची गाणी ते ऐकत राहिले. पुढे त्यांनी जे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग बांधले त्यांची मुळं तिथे आहेत. आधी धून ऐका, मग त्यांचा एखादा धुनउगम राग ऐका. चार-पाच सुरांच्या धुनेत राग कुठे दडलेला होता ते त्यांनी कसं हेरलं, हे पाहणं म्हणजे फार मोठं शिक्षण आहे.

आणि आपल्या मराठीत, माझ्या लेखी सगळ्यात मोठा खजिना म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या शब्दांसकट, गावाच्या नावासकट ऐकायला मिळतात, पैसे लागत नाहीत. चाल दोन-चार सुरांतच फिरते. वेळेची चौकट इथे तबकडीची नाही, दळणाची. पीठ संपेपर्यंत ओवी. जात्याचा खुंटा पुढे ढकलताना सूर लांबतो आणि हात परत येताना आवाज तुटतो. जात्यासमोर न बसताही बायका गातात तेव्हा तो तुटक श्वास तसाच राहतो, अंगात मुरलेला. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती उचलते, मध्येच दोघींचे सूर किंचित वेगळे पडतात आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही.

माझ्या शेजारच्या काकूंनी आयुष्याची पंधरा-वीस वर्षं जातं ओढलंय. त्यांना मी या ओव्या मोबाइलवर लावून दिल्या. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, “ही बाई एकटी न्हाई दळत, समोर कुणीतरी बसलंय.” चित्र समोर नव्हतं, फक्त आवाज होता. विचारलं कशावरून, तर म्हणाल्या, एकटीला एवढा लांब सूर ओढायला दम पुरत नाही, भार वाटला गेला की पुरतो.

बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांत आहेत, त्या आधी ऐका. बाबासाहेबांबद्दल त्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलतात आणि चाल तीच, पहाटेच्या दळणाची. मग आई-लेकीच्या, भावा-बहिणीच्या, पावसापाण्याच्या. एका वेळी पाच-सहाच ऐका, शब्द वाचत ऐका.

नाट्यसंगीत आणि लावणी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीच्या लावणीवर स्वतंत्र लिहायचंय, नुसत्या भावावर एकेक ओळ त्या किती वेळ खेळवत त्यावर. त्यांचं बैठकीतलं सलग ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल, कॅसेटवर का होईना, तर मला जरूर कळवा. कॅसेट साफ करून तिची प्रत काढायची सोय माझ्याकडे आहे.